धावायची परवानगी

सकाळी कॉफी पिताना माझ्या बहिणीने, ओदीलने, पिशवीतून ती पाटी काढली आणि टेबलावर लोण्याची बशी नि माझा कॉफीचा वाडगा यांच्या मधोमध ठेवली. करडा ग्रॅनाइट, शाळेतल्या पाटीएवढा. एका कोपऱ्यात चिनीमातीचा गुलाब. मध्ये सोनेरी अक्षरांत कोरलेलं: ‘ओदील, बाळा, ये लवकर.’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत: आमच्या आईचे अखेरचे शब्द. कबरीवर ठेवायच्या अशा पाट्या आमच्याकडे सगळेच करून घेतात, त्यात नवल काही नाही. बहुतेकांवर ‘प्रिय आईस’ किंवा ‘काळ जातो, आठवण राहते’ एवढंच असतं. दगड विकणारा ते तयारच ठेवतो. ओदीलने मात्र माँट्रियलहून फोन करून मजकूर सांगितला होता, अक्षर न् अक्षर, आणि काल विमानतळावरून रुआँला येताना ती पाटी स्वतः उचलून आणली होती. "कशी झालीय?" तिने विचारलं. मी म्हणालो, "जड आहे." "दगड आहे रेमी, जड नसेल तर काय असेल!" ती हसली आणि पावाला लोणी लावायला लागली. मी तो मजकूर परत वाचला. एखादं वाक्य आपण हवेत सोडतो, ते विरून गेलं असं धरून चालतो, आणि वीस महिन्यांनी ते नाश्त्याच्या टेबलावर येऊन बसतं.

ते शब्द तिला मी सांगितले होते. आई गेली त्या संध्याकाळी मी फोनवर म्हणालो होतो की शेवटच्या क्षणी मी तिच्याजवळ होतो, तिचा हात माझ्या हातात होता, आणि तिने तुझं नाव घेतलं. मी तिथे नव्हतो. मी एका विमा कंपनीत पत्रं लिहायचं काम करतो, एकतीस वर्षं झाली. लोकांची मागणी मान्य होत नाही हे त्यांना इतक्या सभ्य भाषेत कळवायचं की पत्र वाचून संपल्यावरसुद्धा त्यांना क्षणभर वाटावं, आपलं काम झालं. तेव्हा खोटं बोलायला मला काही फार घाम फुटला नाही. शिवाय ओदीलला ते हवं होतं. अकरा वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा ती दफनाला आली नव्हती. नवीन नोकरी होती, सुट्टी नव्हती, विमान मिळत नव्हतं, कारणं पुष्कळ होती. आईने ती सगळी फोनवर शांतपणे ऐकून घेतली आणि त्या दिवसापासून तिचं नाव टाकलं. नाव टाकलं म्हणजे अक्षरशः टाकलं. बोलायची वेळ आलीच तर ‘ती’ म्हणायची. "तिचं पत्र आलंय, तुला हवं तर वाच." आमच्या आईच्या हिशेबी माणसं दोनच प्रकारची होती, येणारी आणि न येणारी. मी येणारा होतो. दर रविवारी सफरचंदाचा टार्ट घेऊन, बोटीने नदी ओलांडून, बरोबर साडेबाराला. मग ओदीलला आईने मरताना नाव घेऊन हाक मारली हे ऐकायला मिळालं तेव्हा ती फोनवर इतकी रडली की मला वाटलं, चला, निदान एकाचं तरी भलं झालं. आईच्या दफनाला ती आली, दोन दिवस माझ्याकडे राहिली, आणि परत गेल्यावर दर फोनला विचारायला लागली, "सांग ना परत, कसं म्हणाली?" मी सांगत गेलो. आवाज कसा होता, डोळे मिटलेले होते की उघडे. दर वेळी थोडं थोडं वाढत गेलं.

एकतीस ऑक्टोबर होता. दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण, त्यामुळे सगळा गाव आदल्या दिवशीच शेवंतीच्या कुंड्या घेऊन आपापल्या माणसांच्या कबरी घासायला निघालेला. आमच्या गाडीतही मागच्या सीटवर दोन कुंड्या होत्या, पिवळी आणि विटकरी, आणि त्यांचा तो कडवट वास. पाटी ओदीलने टॉवेलात गुंडाळून कुंड्यांच्या मध्ये ठेवली होती. गाडी तिने भाड्याने घेतलेली, चालवायलाही तीच बसली. "तू चालवलीस तर पुढच्या वर्षीच्या सणाला पोचू," ती म्हणाली. मी पट्टा लावला आणि ठरवलं की बोटीपर्यंत पोचायच्या आत तिला सांगायचं. कबरस्तान नदीपलीकडे, आई राहायची त्या वृद्धाश्रमाच्या मागच्या उतारावर. एकदा ती पाटी तिथे सिमेंटने बसली की मी मेल्यावरसुद्धा ती तिथे राहणार, आणि मलाही त्याच कबरीत, त्याच पाटीखाली ठेवणार. हा विचार डोक्यात आला आणि जाईना. रस्ता सेन नदीच्या कडेकडेने जातो. सफरचंदांच्या बागा, खाली कुजलेल्या फळांचा सडा, धुकं अजून पुरतं उठलेलं नाही. मी मनात वाक्यं जुळवत होतो. ‘तुला एक गोष्ट कळवणं आवश्यक वाटतं.’ ‘काही कारणांमुळे त्या दिवशी उपस्थित राहणं शक्य झालं नाही.’ सगळी कंपनीची वाक्यं.

बोटीच्या धक्क्याआधी अर्धा मैल, मठाकडे जाणारी गल्ली लागते, आणि तिथे ओदीलने अचानक गाडी वळवली. "इथे काय?" मी विचारलं. "वेळ आहे अजून. लहानपणी शाळेतून आणलं होतं ना आपल्याला? मला फक्त तो एक उंच बुरूज आठवतोय, आणि तू कुंपणावर चढून चड्डी फाडलीस ते." मी म्हणालो, बघण्यासारखं काही नाही, सगळं पडलेलं आहे, दगड ओले असतील, पाय घसरेल. "म्हातारा झालास रे," असं म्हणून तिने गाडी लावली. मी गाडीतच बसून राहणार होतो. पण ती माझ्या बाजूचं दार उघडून उभी राहिली. लहानपणी मी शाळेत जायला रडायचो तेव्हा अशीच उभी राहायची.

आता सांगूनच टाकतो. वृद्धाश्रमातून दुपारी तीनला फोन आला की या, वेळ फार नाही, तेव्हा मी कचेरीतून तडक निघालो होतो. चाळीस मिनिटांत बोटीच्या धक्क्यावर होतो. बोट आमच्याच काठाला लागलेली, उतरणीचा लोखंडी पत्रा खाली, आत फक्त एक दूधवाल्याची गाडी, आणि पिवळ्या जाकिटातला खलाशी मला हाताने बोलावत होता, ये ये म्हणून. मी गाडी मागे घेतली. का, ते त्या क्षणी मला माहीत नव्हतं. हात आपोआप फिरले. बाबा गेले तेव्हा मी खोलीत होतो. त्यांनी शेवटी डोळे उघडले आणि ते आईकडे बघायच्या ऐवजी माझ्याकडे बघू लागले, आणि त्या नजरेत प्रेमबिम काही नव्हतं. विहिरीत पडलेला माणूस वर उभ्या असलेल्याकडे जसा बघेल तसं ते बघणं होतं. तू वर आणि मी खाली, असं का? मग जबडा खाली आला. आईने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, माझ्या वेळी तू असशील ना? मी हो म्हणालो, दुसरं काय म्हणणार होतो. ती नजर परत बघायची माझी तयारी नव्हती, बस, एवढंच. मला उशिरा पोचायचं होतं. सगळं आटोपल्यावर, चेहरा नीट केल्यावर, खिडकी उघडून हवा बदलल्यावर पोचायचं होतं. मी धक्क्यावरून वृद्धाश्रमात फोन केला, बोट बंद आहे म्हणालो, गल्लीतून मठाकडे गेलो, आणि तिकीट काढलं. आई मरत असताना मी तिकीट काढून अवशेष बघायला गेलो होतो.

तिकिटाच्या खोक्यात त्या दिवशीचीच बाई होती. मादाम केनेल. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, पुरुषी स्वेटर, कानामागे सिगरेट. हिवाळा जवळ आला की माणसं येत नाहीत, मग तिकीट फाडणारी तीच, दाखवणारी तीच आणि गवत कापणारीही तीच. तिने ओदीलला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काय बघायचंय, दगड की गवत? दगड थोडे राहिलेत, आधीच सांगते. बाकीचे सगळे गावात आहेत. माझ्या सासऱ्यांच्या डुकरांच्या गोठ्याला अ‍ॅबटच्या, म्हणजे मठप्रमुखाच्या, दालनाची खिडकी आहे, ती बघायची तर वेगळे पैसे नाहीत." ओदील खूश झाली. मग मादाम केनेलची नजर माझ्यावर आली आणि थांबली. "मस्यू," ती म्हणाली, "तुमची छत्री."

खोक्यात मागच्या खिळ्याला छत्री लटकत होती. काळी, जुनी, मूठ मोडलेली आणि मोडलेल्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली. मी तिला पार विसरलो होतो. "माझी नाही," मी म्हणालो. ओदील म्हणाली, "मादाम, माझा भाऊ शाळेत असताना आला तेवढाच. तेव्हा त्याला केस होते." मादाम केनेलने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. खेड्यातल्या बायकांना हे एका नजरेत कळतं, कुठे काय झाकलेलं आहे ते. "मग दुसरा कोणीतरी असेल," ती सावकाश म्हणाली. "टक्कल पडलेले पुरुष सगळे सारखेच दिसतात मला. माझा नवराही त्यातलाच, म्हणून त्याला दोनदा चुकून घरात घेतलं." ओदील हसली. मीही हसलो. त्या बाईने मला वाचवलं होतं आणि मला तिचा राग आला, इतका की तिने सरळ तोंडावर सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

आम्ही आत गेलो. चर्चचे दोन खांब, वरती काही नाही, कावळे. मधल्या गाभ्याच्या जागी ओलं गवत. मादाम केनेल पुढे चालत बोलत होती. क्रांतीनंतर एका लाकडाच्या व्यापाऱ्याने सगळा मठ विकत घेतला आणि सुरुंग लावून लावून दगड विकला. चौदा वर्षं तेच चाललं होतं. त्याआधी सातआठशे वर्षं बेनेडिक्टच्या पंथाची माणसं इथे राहिली. कमी बोलायचे, हातांच्या खुणांनी मीठ मागायचे, दिवसातून सात वेळा आणि रात्री एकदा उठून गायचे. मी ऐकत नव्हतो. मी मोजत होतो की ती भिंत किती लांब आहे. त्या दिवशी पाऊस आला तसा मी पूर्वेकडच्या एका एकट्या भिंतीला पाठ लावून बसलो होतो, कोनाडा होता तिथे. पाऊण तास. मी रडत होतो असं सांगायला मला आवडेल. मी रडत नव्हतो. मी घड्याळ बघत होतो, आणि भिंतीवरचं शेवाळ नखाने खरवडत होतो, आणि भूक लागलीय असं मला वाटत होतं. आई दोन मैलांवर होती. थंडी वाजत होती तरी बरं वाटत होतं, शाळा बुडवून लपलेल्या पोराला वाटतं तसं. ही गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नाही. मला बरं वाटत होतं.

"आणि हे त्यांचं रुग्णालय," मादाम केनेल म्हणाली, आणि थांबली ती नेमकी त्या भिंतीशी. "म्हणजे आता एवढंच उरलंय. आजारी ब्रदर इथे असायचे. एखाद्याचं आता काही खरं नाही असं दिसलं की जमिनीवर राखेचा क्रूस काढायचे, त्यावर गोणपाट, आणि त्याला उचलून त्यावर ठेवायचे. थंडगार फरशीवर, हो. मऊ गादीवर मरायची पद्धत नव्हती. आणि मग बाहेर एक लाकडी फळी टांगलेली असायची, ती बडवायची. घंटा नाही, फळी. तो आवाज आला की शेतात असो, स्वयंपाकात असो, पानावर बसलेला असो, प्रत्येकाने हातातलं टाकून धावत इथे यायचं. धावत. आता गंमत बघा, मठात धावायला बंदी. धावताना कोणी सापडला तर शिक्षा. परवानगी फक्त दोन वेळा, आग लागली तर आणि मठातला कोणी भाऊ मरत असला तर. म्हातारे, लंगडे, सगळे धावायचे. सगळे गोळा होऊन भोवती उभे राहायचे आणि मोठ्याने प्रार्थना म्हणायचे, त्याचा श्वास संपेपर्यंत. एकट्याने कोणी जायचं नाही, असा कायदाच होता."

ओदीलने हातमोजे काढले आणि तळवा भिंतीवर ठेवला, कोनाड्याच्या जरा वर, तिथे शेवाळात माझ्या नखांचे ओरखडे अजून होते की नव्हते, मला बघायचा धीर झाला नाही. "आणि कोणी नाहीच धावला तर?" तिने विचारलं. मादाम केनेलने सिगरेट कानामागून काढून दाताखाली धरली. "त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. चोरीला शिक्षा आहे, झोपून राहिला तर शिक्षा आहे, भांडं फोडलं तर आहे. याला नाही. असं कोणी करेल हे त्यांना सुचलंच नसावं." ती माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती. ओदील माझ्याजवळ आली, माझा दंड धरला आणि कपाळ माझ्या खांद्याला टेकलं. "तू धावलास," ती म्हणाली. "आपल्या घरात निदान एक तरी धावला." मी तोंड उघडलं. ‘ओदील’ एवढंच म्हणालो. "काय?" "काही नाही. पाय ओले झालेत." मादाम केनेल म्हणाली, "चला, पुढे स्वयंपाकघर आहे, निदान चूल तरी बघा," आणि रबरी बूट चिखलातून ओढत चालू लागली.

बाहेर पडताना छत्री खिळ्यालाच होती. ओदील तिच्यासमोर दोन क्षण थांबली, मादाम केनेलचे आभार मानले, नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसली. मला वाटलं, सुटलो.

धक्क्यावर आमच्यापुढे सात गाड्या होत्या, सगळ्यांच्या मागच्या काचांतून शेवंती दिसत होती. बोट पलीकडे होती. ओदीलने इंजिन बंद केलं. थोडा वेळ ती स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसली. मग समोर बघतच म्हणाली, "त्या मुठीला तार बाबांनी गुंडाळली होती. गॅरेजच्या पायरीवर बसून. मी पक्कड धरली होती." मग तिने विचारलं, "रेमी, तू इथे कधी आला होतास?"

सांगणं इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. एकदा पहिलं वाक्य पडलं की बाकीची आपोआप खाली येतात. बोट आली, खलाशाने हाताने बोलावलं, ओदीलने गाडी बोटीवर चढवली, आणि तेवढ्या वेळात मी सगळं सांगून मोकळा झालो. फोन, मागे घेतलेली गाडी, ती भिंत, पाऊण तास. भूक लागल्याचंही सांगितलं. मी पावणेपाचला वृद्धाश्रमात पोचलो आणि आई चारला गेली होती. खिडकी उघडलेली होती, मला हवी होती तशी. हात धरला तो नंतर, आणि तो थंड होता. ओदीलने एकदाही मान वळवली नाही. बोटीचा पत्रा वर आला, पाणी घुसळायला लागलं. "म्हणजे ती एकटी होती," ती म्हणाली. "होय." "आणि ते शब्द? तूच बनवलेस?"

इथे मला थांबता आलं असतं. होय म्हणालो असतो तर पाटीवर नुसतं एक खोटं राहिलं असतं, आणि ओदीलला कदाचित कधीतरी वाटलं असतं, कोणी सांगावं, आई काहीतरी म्हणालीही असेल, नसेल कशावरून. इतकी फट मी तिच्यासाठी ठेवायला हवी होती. पण मला त्या क्षणी पुरतं मोकळं व्हायचं होतं, आणि मोकळं व्हायच्या नादात माणूस समोर कोण बसलंय ते बघत नाही. मी म्हणालो, "शब्द खरे आहेत. फातूने ऐकले." फातू ही तिथली सेविका, सेनेगालची, आईला आजी म्हणायची. तिने मला दारातच गाठलं होतं. ती मला दोष देत नव्हती, उलट माझीच समजूत घालत होती. तासभर आजी विचारत होत्या, ती म्हणाली, पोचला का, पोचला का. मी त्यांना सांगितलं, बोट बंद आहे म्हणून अडकलेत. तर आजी म्हणाल्या, बोट चालू आहे, मला दिसतेय. त्यांच्या खिडकीतून नदी दिसते ना. मी म्हटलं, ती दुसरी बोट असेल आजी. दुसरी बोटच नाही तिथे, मलाही माहीत होतं, पण काय बोलणार. मग त्या बोलायच्या थांबल्या, नुसतं बाहेर बघत होत्या, आणि मग एकदाच म्हणाल्या, ‘रेमी, बाळा, ये लवकर.’ मला बाजूच्या खोलीतून बोलावलं म्हणून मी गेले, परत आले तर झालं होतं.

"मी फक्त नाव बदललं," मी ओदीलला म्हणालो. "ते वाक्य माझ्या नावासकट मला जवळ ठेवता येईना. तुला द्यावंसं वाटलं."

नदीच्या मध्यावर आलो होतो. धुकं उठलं होतं आणि उतारावरचा वृद्धाश्रम स्वच्छ दिसत होता, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांसकट. त्याच्या मागे कबरस्तानाची भिंत आणि भिंतीवरून डोकावणारी रंगीत फुलं, माणसं खाली वाकून दगड घासताना दिसत होती. ओदीलचे ओठ हलत होते. ती ते वाक्य म्हणून बघत होती, दुसऱ्या नावाने. मला तिचा हात धरावासा वाटला, आणि माझ्या हातांचा काय उपयोग असतो ते तिला नुकतंच कळलेलं होतं. "मला नाही बोलावलं," ती म्हणाली. तक्रार नव्हती, रडणंही नव्हतं. वीस महिने जे तिच्याकडे होतं ते आता नव्हतं, तेवढं ती सांगत होती. "नाही," मी म्हणालो. "माझं नाव घेतलंच नाही?" "नाही, ओदील." "एकदाही?" मी मान हलवली.

बोट काठाला लागली, पत्रा खाली आपटला. पुढच्या सात गाड्या एकेक करून उतरल्या आणि चढणीला लागल्या. खलाशाने आम्हाला हात केला. ओदील हलली नाही. त्याने परत हात केला, मग जवळ येऊन काचेवर टकटक केली. "मादाम, झोप लागली का? पलीकडे आलात तुम्ही." तिने काच खाली केली. "आम्हाला उतरायचं नाही. परत न्या." त्याने मागच्या सीटवरच्या कुंड्या बघितल्या, तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "परत? आत्ता तर आलात. काही विसरलात की काय?" "हो," ओदील म्हणाली. तो खांदे उडवून म्हणाला, "बसा मग. फुकटच आहे," आणि धक्क्यावर थांबलेल्या गाड्यांना वर घ्यायला लागला. त्या भरेपर्यंत आम्ही तसेच बसून होतो, तोंड आईकडे करून. या खेपेलाही बोट चालू होती, आणि आम्ही दोघंही आईपर्यंत पोचलो नाही.

इंजिनाचा आवाज वाढला. काठ मागे सरायला लागला तेव्हा ओदील म्हणाली, "मला बोलावलं असतं ना तिने, तर मी पोहत आले असते." बाबा शेवटच्या आजारात तिचंच नाव घेत होते, आणि ते जाण्याआधीच्या आठवड्यात मी तिला तीन वेळा फोन करून तसं सांगितलं होतं. ते आम्हा दोघांनाही आठवत होतं.